काळजातलं तांबं

त्या वर्षी मेंढ्या एकमेकींची लोकर खायला लागल्या. आधी आक्काला वाटलं, एखादीला खोड लागली असेल. प्रत्येक कळपात एक तरी आगाऊ असतेच. पण मग कोकरं आईच्या पोटाखालची लोकर उपटायला लागली, मोठ्या मेंढ्या गोठ्याच्या भिंतीचे पोपडे चाटायला लागल्या, आणि एके दिवशी तिच्या नवऱ्याचा, तात्याचा, वाळत घातलेला सदरा अर्धा गायब झाला.

"सदरा गेला ते गेला," तात्या उरलेली बाही हातात धरून म्हणाला, "बटणं तरी सोडायची! तीही चावली का काय?"

आक्का हसली, पण हसू काही पोटातून आलं नाही. पाऊस सलग दुसऱ्या साली दगा देऊन गेला होता. टेकडीवरचं गवत खराट्याच्या काड्यांसारखं झालं होतं. मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला की पाठीचे मणके बोटांना लागायचे आणि लोकर मुठीत यायची. दूध कमी, कोकरं लुळी. सकाळी गोठ्याचं फाटक उघडताना रोज आक्का आधी मेंढ्या मोजायची, आज कोण उठणार नाही म्हणून.

त्यांची एकुलती एक लेक शहरात कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तिला घरी सगळे चिमी म्हणत. लग्नाचं वय झालं तरी चिमीच. रोज संध्याकाळी कामावरून सुटली की तिचा फोन यायचा. तात्यानं सदऱ्याची गंमत सांगितली तशी ती हसली नाही. "तात्या, त्यांना काहीतरी कमी पडतंय अंगात," म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिनं एक व्हिडिओ पाठवला.

व्हिडिओत एक मिशीवाला माणूस होता. चांगल्या घरातला वाटावा असा, आवाज मऊ. गव्हाणीत भरड्यामध्ये राखाडी पावडर कालवत होता. हात कोपरापर्यंत माखलेले. "दादा, ताई, एक मूठ रोज. महिन्याभरात तुमचंच जनावर तुम्हाला ओळखू येणार नाही." त्यानंतर मेंढ्याच मेंढ्या. भरल्या अंगाच्या, तुकतुकीत, माना वर करून चालणाऱ्या. तात्यानं तो तीनदा लावला. तिसऱ्यांदा तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आता मेंढपाळांत एक जुनी रीत आहे. वाटेत कुणी भेटला आणि म्हणाला, पलीकडच्या उताराला चारा आहे, तर पहिला प्रश्न असतो, "डोळ्यानं का कानानं?" डोळ्यानं म्हणाला तर कळप वळवायचा. कानानं म्हणाला तर विचारायचं, कुणाच्या तोंडून? आणि मग त्या तोंडाचा हिशेब करायचा. न बघता 'डोळ्यानं' म्हणणाऱ्याच्या शेजारी पुन्हा कुणी कळप बसवत नाही. उन्हातान्हात खोट्या शब्दापायी शंभर जिवांना चालवायचं म्हणजे काय, ते ज्यानं चालवलं त्यालाच माहीत.

आक्कानं सवयीनं विचारलं, "डोळ्यानं का कानानं?"

"हे काय विचारणं झालं?" तात्या म्हणाला. "तुझ्या डोळ्यांसमोर तर आहे!"

खरंच होतं की. समोर तर दिसत होतं. शिवाय पाठवणारी पोटची पोर. पोटच्या पोरीनं दिलेल्या शब्दाला कुणी नख लावून बघतं का?

चिमीनं पावडरीच्या गोण्या मालमोटारीतून पाठवल्या. गोणीवर गाईचं चित्र होतं. गोणी सोडताना आक्का म्हणाली, "अहो, यावर गाय आहे."

"तुझ्या साबणाच्या कागदावर बाई आहे," तात्या म्हणाला, "म्हणून मी अंघोळ करायची नाही का?"

त्यावर मात्र आक्का पदर तोंडाला लावून हसली. पुढं तिला आपण मेंढ्यांसाठी रडलो त्यापेक्षा हे हसणंच जास्त आठवायचं.

आणि गुण आला, हे सांगायलाच हवं. लोकर खाणं थांबलं. भिंती चाटणं थांबलं. आठवड्यांमागून आठवडे गेले तशा मेंढ्या अंग धरू लागल्या, लोकरीला तेज आलं. कळपाच्या पुढं चालणारी म्होरकी तर अशी दिसायला लागली की येणारा जाणारा थांबून बघायचा. तात्या रोज सकाळी स्वतः मूठ मोजून घालायचा; कुणाला हात लावू द्यायचा नाही. सुट्टीत चिमी आली. तिनं तात्याला म्होरकीच्या गळ्यात हात टाकून उभं केलं आणि फोटो काढला. तो फोटो त्या व्हिडिओच्या मागं जोडून तिनं पुन्हा सगळीकडं पाठवला. खाली लिहिलं: 'आमच्या घरचा अनुभव. खात्री करायची असेल तर माझ्या वडिलांना विचारा.' आणि तात्याचा नंबर.

मग काय विचारता! दिवसभर फोन. कुठून कुठून मेंढपाळ बोलायचे. आयुष्यभर तात्याला कुणी दोन शब्द विचारले नव्हते, आता तो खाटेवर बसून, एक पाय हलवत सांगायचा, "अहो डोळ्यानं बघितलंय, माझ्याच दावणीला आहे. बिनधास्त घाला." पाणवठ्यावर आक्काही तेच सांगायची. तिच्या धाकट्या जावेनं आणि दिरानं तर तिच्या शब्दावर पावडर सुरू केली.

उन्हं तापली, तसं तळं आटलं. खालच्या धरणाकाठी कळप न्यायचा म्हणजे दोन दिवसांची चाल. दरवर्षीचंच काम. पण वाटेत वारं फिरलं, भुरभुर पावसानं जनावरं भिजली, आणि धरणाकाठी पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी म्होरकी उठली नाही.

तात्यानं शेपटीला हात घालून तिला उभी केली. ती दोन पावलं गेली आणि गुडघ्यांवर बसली. आक्कानं तिची पापणी उलटून बघितली. आत हळदीसारखं पिवळं. म्होरकीनं बसल्या बसल्याच मूत सोडलं, ते कोऱ्या चहासारखं काळंलाल होतं.

"अहो," आक्का म्हणाली, "हे रक्त आहे हो."

दुपारपर्यंत म्होरकी गेली. तिच्या मागून दुसऱ्या बसायला लागल्या. सगळ्यात आधी जाड्या, तेजाच्या, ज्यांचं कौतुक झालं होतं त्याच. तात्या एकीकडून दुसरीकडं पळत होता. हिला पाणी पाज, तिचं अंग चोळ. धापा टाकत म्हणायचा, "उठ गं बाई, उठ. काल तर चांगली चालत होतीस." आक्कानं आयुष्यात त्याला असा गयावया करताना पाहिला नव्हता. मेंढीपुढं काय, माणसापुढंही नाही.

धरणाजवळच्या गावातली जनावरांची डॉक्टरीण आली. वयानं लहान, पण हाताला धीट. तिनं मेलेली एक मेंढी तिथंच फाडली. आतली चरबी पिवळी, काळीज पिवळं ठिसूळ, आणि गुर्दे काळेनिळे. मग तिनं विचारलं, "काय घालत होतात?"

तात्यानं फोन पुढं केला. व्हिडिओ लावला. अजूनही त्याच्या चेहऱ्यावर असं होतं, की बघा, आम्ही काही वावगं केलेलं नाही.

डॉक्टरीणबाईनं तो पूर्ण बघितला. मग स्वतःच्या फोनवर काहीतरी शोधत राहिली. थोड्या वेळानं तिनं दुसरा व्हिडिओ लावला आणि दोघांपुढं धरला. तोच मिशीवाला, तोच मऊ आवाज. पण त्याच्या मागं गाई बांधलेल्या होत्या. गव्हाणीला हात लावायच्या आधीच तो सांगत होता, "हे फक्त गाईम्हशींसाठी. घरात मेंढ्या असतील तर त्यांना यात तोंड घालू देऊ नका. यातलं तांबं गाईला लागतं, मेंढीला विष आहे."

"कुणीतरी या व्हिडिओचं डोकं कापलंय," डॉक्टरीणबाई म्हणाली, "आणि शेपटीला दुसरीकडच्या मेंढ्या चिकटवल्यात. पावडर खपवायला असेल, नाहीतर असंच. मेंढीला तांबं बाहेर टाकता येत नाही, आक्का. थोडं थोडं काळजात, म्हणजे यकृतात, साठत जातं. तोवर जनावर छान दिसतं. मग कधीतरी दम लागतो, लांबची चाल होते, थंडीवारं लागतं, की सगळं एकदम रक्तात उतरतं."

"म्हणजे आम्ही चालवल्या म्हणून?" तात्यानं विचारलं.

"चालवल्या म्हणून आज. नाहीतर पुढं कधीतरी. ज्या उभ्या आहेत त्यांना औषध देते. पण त्यांना हाकू नका, पळवू नका, जागच्या हलवू नका. काही वाचतील."

आक्का अजून पहिल्या व्हिडिओकडं बघत होती. त्या चिकटवलेल्या मेंढ्यांकडं. "बाई, जरा थांबवा इथं," ती म्हणाली. चित्र थांबलं. "कान बघा यांचे. हिचं टोक कापलंय. हिला मधोमध खाच. हिला नुसतं भोक. प्रत्येक धन्याची खूण वेगळी; एका धन्याच्या नाहीतच या. बाजारात उभ्या केलेल्या आहेत." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "कुणाच्याही कळपात शिरलं की मी आधी कान बघते. जन्मभर बघत आले. आणि इथं बघितले नाहीत. नुसतं तेज बघत बसले."

डॉक्टरीणबाईनं आपले रक्ताचे हात गवताला पुसले आणि सुई भरायला घेतली.

तात्या त्या दुपारपासून खड्डे खणत होता. मदतीला कुणी आलं तर नको म्हणायचा. धरणाकाठची जमीन मुरमाड. पहार आपटली की खणकन परत यायची. हाताचे फोड फुटले तरी थांबला नाही. प्रत्येक मेंढीला तो नीट, पाय दुमडून खाली ठेवायचा, जशी ती रवंथ करताना बसते तशी.

संध्याकाळी चिमीचा फोन आला. तात्यानं घाम पुसला, घसा साफ केला. "हो हो, पोचलो. मेंढ्या ना? मजेत आहेत. चरताहेत बघ." फोन ठेवून त्यानं आक्काला बजावलं, "पोरीला कळता कामा नये. तिनं मायेनं केलंय. तिच्या जिवाला लागेल."

"आणि आपल्या नाही लागलं?"

"आपलं काय, आपलं झालं," तात्या म्हणाला.

फोन मात्र वाजतच होता. चिमीचा नव्हे, दुसऱ्यांचे. त्या फोटोखालच्या नंबरावर. तात्या फोनकडं बघायचा, आणि उचलून कांबळ्याखाली सरकवायचा. कांबळ्याखाली तो गुरगुरत राहायचा. एकदा आक्कानं हात घातला तर तिचा हात त्यानं धरला. "काय सांगणार आहेस? मी फसलो म्हणून? मूर्ख ठरलो म्हणून? लोक थुंकतील तोंडावर."

"थुंकू देत," आक्का म्हणाली. पण तेव्हा तिनंही हात मागं घेतला. नवऱ्याचे सोललेले तळवे तिला बघवत नव्हते.

सकाळी ती आधी दिराकडं गेली. त्यांचा कळप अजून वरच होता, खाली उतरायचा राहिला होता, म्हणून ती मोटारीनं माघारी गेली. जाऊ अंगणात भांडी घासत होती. आक्कानं उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसायचा धीर झाला नाही. जावेच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"तुमच्याच तोंडून ऐकलं होतं ना, आक्का?" ती म्हणाली. "पाणवठ्यावर चार बायकांत. डोळ्यानं बघितलंय म्हणालात."

"म्हणाले."

"मग आता कुठल्या तोंडानं आलात?"

"त्याच," आक्का म्हणाली. "दुसरं कुठून आणू?"

दीर गोठ्यातून बाहेर आला. सगळं ऐकून डोकं खाजवत उभा राहिला. मग ओशाळून म्हणाला की आपण काही रोज मूठभर घालत नव्हतो, चिमूट चिमूट घालत होतो, आणि तीही एक दिवसाआड. गोणी लवकर संपू नये म्हणून. त्याच्या चिक्कूपणावर सगळा गोतावळा हसायचा. पाहुण्याला चहा देताना कप मोजणारा माणूस. त्या दिवशी आक्कानं त्याच्या पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. जाऊ मात्र आत निघून गेली आणि बाहेर आली नाही. आक्का तिच्या दाराकडं बघत बराच वेळ थांबली, आणि मग परतली.

वाटेत तिला एकच दिसत होतं. दिराला सांगायला पाय होते, मोटार होती. पण ते बाकीचे? तात्यानं "बिनधास्त घाला" म्हणून सांगितलेले? त्यांची नावं नाहीत, गावं नाहीत. त्यांच्या मेंढ्याही आता चकाकत असतील. आणि चिमी रोज कारखान्यातून सुटून तो फोटो आणखी कुणाला तरी पाठवत असेल, आपल्या बापाच्या कौतुकानं.

परत येताच तिनं कांबळ्याखालून फोन काढला. तात्या पहार टाकून आला. "अगं, काय करतेस?"

"तुमची पोर आहे तशी माझीही आहे," आक्का म्हणाली. "पण तिला जपायला दुसऱ्यांच्या मेंढ्या नाही मारायच्या मला."

तात्या तिथंच बसला. त्यानं फोन हिसकावला नाही.

चिमी कामावर होती. मागं मशिनींचा खडखडाट. आक्कानं फिरवून फिरवून सांगायचं ठरवलं होतं, पण लेकीचा आवाज कानावर पडला आणि तोंडातून थेट निघालं, "चिमे, म्होरकी मेली. बऱ्याच मेल्या. ती पावडर मेंढीची नव्हती."

खडखडाट चालूच राहिला. मग तो लांब गेला. चिमी बहुतेक जिन्यात आली असावी.

"मीच ना गं?" ती म्हणाली. "आई, मीच मारल्या ना?"

"नाही गं राणी..."

"मी शेवटपर्यंत बघितला होता तो व्हिडिओ. देवाशपथ. पाठवायच्या आधी पूर्ण बघितला होता."

"शेवट होताच त्यात. सुरुवात नव्हती. कुणाची सुरुवात कापलीय ते आपल्याला कसं कळणार? मलाही नाही कळलं. मी तर मेंढ्यांचे कान समोर असून बघितले नाहीत."

चिमी रडत होती. लहानपणी रडायची तशीच, श्वास आत ओढत. तात्या खाली मान घालून ऐकत होता. आक्काला वाटलं, उठावं, शहर गाठावं, पोरीचं डोकं मांडीवर घ्यावं. पण ती म्हणाली, "आता रडणं नंतर. जिथं जिथं पाठवलास तिथं तिथं सांग. काढून टाक."

"माझ्याकडचा काढीन. पण लोकांनी पुढं पाठवलाय, आई. कालच मला एका बाईनं पाठवला. तिला माहीतही नव्हतं की फोटोतले तात्या माझे वडील आहेत. तो आता माझ्या हातात नाही राहिला."

म्होरकी मुरमाच्या खड्ड्यात होती, आणि तिकडं कुणाकुणाच्या हातात ती अजून मान वर करून उभी होती, तात्याचा हात गळ्यात घेऊन. मेलेल्या जनावराला परत बोलावता येत नाही ते ठाऊक होतं; जिवंत दिसणाऱ्यालाही येत नाही, हे नवीनच होतं.

"मग मला ज्यांचे फोन येऊन गेलेत त्यांना उलटा फोन कसा करायचा ते सांग," ती म्हणाली.

चिमीनं नाक ओढत सांगितलं. कुठं दाबायचं, खाली कसं सरकवायचं. आक्का धरणाकाठच्या दगडावर बसली आणि एकेकाला लावत गेली. कुणी उचललाच नाही. कुणी म्हणालं, अजून आणली नाही, बरं झालं. एक म्हातारा म्हणाला, पोरी, तुझं भलं होवो, आणि लगेच ठेवला. एक जण खवळला. "परवा नवरा म्हणतो घाला, आज बायको म्हणते घालू नका. नक्की खरं कुणाचं? आमचं बरं झालेलं बघवत नाही होय तुम्हाला?" आक्कानं त्याला डॉक्टरीणबाईचा नंबर दिला. "माझं नका ऐकू, तिला विचारा," म्हणाली. त्यानं घेतला का नाही कळलं नाही. तात्या हळूच येऊन शेजारी बसला होता. तो बोलत नव्हता. नुसता प्रत्येक फोनला मान खाली घालत होता, समोरचा माणूस बघतोय असं समजून.

ऊन कलायच्या सुमाराला तिनं लावायच्या आधीच फोन वाजला. नवाच नंबर.

"मेंढीवाले तात्या का?" उमदा, तरणा आवाज. मागून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"मी त्यांच्या घरातली."

"आक्का, नमस्कार! अहो, थेट तुमच्या मेंढीचा फोटो बघून सुरू केलं बघा. काय तेज आलंय म्हणून सांगू! पोरं म्हणतात, बाबा, आपल्याही मेंढ्या मोबाइलवर टाकू. म्हटलं आधी तात्यांना धन्यवाद द्यावेत."

"दादा," आक्का म्हणाली, "ती फोटोतली मेंढी मेली."

"अरेरे. वय झालं होतं?"

"नाही. त्या पावडरीनं. निम्मा कळप गेला आमचा."

पलीकडं घंटा तेवढ्या वाजत राहिल्या. "पण आमच्या तर चकाकताहेत," तो म्हणाला.

"आमच्याही चकाकत होत्या."

"खरं सांगताय?"

"हातानं पुरल्यात दादा. नवऱ्याच्या हातांची सालटी निघालीत."

तो फोन तोंडापासून लांब धरून एकदम ओरडला, "अगं ए! थांब! ती पावडर घालू नकोस आज!"

लांबून बाईचा आवाज आला, आनंदी, कामात असलेला. "केव्हाच घातली की! बघा तरी, कशा तुटून पडल्यात!"

"अगं मागं घे त्यांना! हाकल! हाकल आधी!"

आक्का ताडकन उभी राहिली. "दादा, हाकू नका! पळवू नका त्यांना! गव्हाणी तेवढ्या ओढून घ्या! दादा, ऐकताय का?"

पण तो फोन तिथंच टाकून धावला होता. फोनमधून त्याची हाट हाट ऐकू आली, पोरांची आरडाओरड ऐकू आली, आणि सगळ्या घंटा एकदम पळायला लागल्या.